द्यायची साडी

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी मेसेज आला. गोदाकाठच्या गावांत पाणी शिरलं आहे, रविवारी मदतीचा टेम्पो जाणार आहे, तरी सर्वांनी जुने पण वापरण्याजोगे कपडे वॉचमनच्या खोलीत आणून ठेवावेत. खाली हात जोडल्याची चित्रं, आणि त्याखाली बघता बघता अंगठ्यांची रांग लागली. मीही अंगठा दिला. मग कपाट उघडलं आणि त्याच्यासमोर उभी राहिले ती राहिलेच.

माझ्या कपाटात सगळ्यात खाली एक कप्पा आहे. लग्नामुंजीत, वास्तुशांतीत, डोहाळजेवणात आलेल्या साड्या तिथं प्लास्टिकच्या पिशव्यांत पडून असतात. घडीसुद्धा मोडलेली नसते. प्रत्येकीच्या पदराला हळदीकुंकवाचं एक बोट लागलेलं. ज्या घरात असा कप्पा नाही ते घर मराठी नाही, असं मी बेधडक म्हणेन. आपण त्या नेसत नाही, कारण रंग आवडत नाही. टाकत नाही, कारण नव्या आहेत. त्यांचं काम म्हणजे पुढच्या घरी जाणं. असं कपाट अशा मेसेजची जणू वाटच बघत असतं.

बाहेर आई लसूण सोलत बसली होती. पावसाळ्याचे महिने ती सायखेड्याहून माझ्याकडं नाशकात येते. वडील, आमचे अण्णा, गेल्यापासून हा आमचा रिवाजच झाला आहे. अंगावर तीच ती चिंतामणी रंगाची साडी, धुऊन धुऊन विटलेली, काठाला दोन ठिकाणी रफू केलेली. मी तिला म्हटलं, "आई, पूरग्रस्तांसाठी कपडे मागितलेत." तिनं लसणाचं फोल फुंकरीनं उडवलं आणि मान वर न करता विचारलं, "मंग? काय देशील?"

मी परत कपाटापाशी येऊन उभी राहिले. 

आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा. "गंगंला पानी आलं" एवढंच म्हणतात, आणि त्यात भीती कमी, कौतुक जास्त असतं. सायखेड्यात आमचं घर पेठेच्या टोकाला, नदीच्या बाजूनं. माझ्या लहानपणी पाणी दरवर्षी यायचं, पायरी ओली करायचं आणि परत जायचं. आम्ही पोरं पायरीवर खडूनं रेघा मारून ठेवायचो, आणि आई पायरीला हळदकुंकू वाहायची. पुराचा एक वास असतो, ओल्या गोणपाटाचा आणि कुजक्या पानांचा, कुठून तरी वाहून आलेल्या रॉकेलचा. तो वास आला की मला आजही भजी आठवतात, कारण त्या दिवशी शाळा नसायची आणि अण्णा घरी असायचे.

पाणी किती येणार हे आम्हाला शालूआत्या सांगायची. शालूआत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. तिला दिलेलं नाशकात, पंचवटीच्या बाजूला. धरणातून पाणी सोडलं की नाशकात रामकुंडावर लोक दुतोंड्या मारुतीकडं बघतात. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, ही नाशिककरांची मोजपट्टी. त्यांच्यासाठी तो तमाशा असतो. कणीस खात पूर बघायला अख्खी घरं लोटतात. पण तेच पाणी काही तासांनी आमच्या दारात येतं. म्हणून आत्या छत्री घेऊन गर्दीत घुसायची, मारुती बघायची आणि घरी येऊन फोन करायची. पुढं मोबाइल आल्यावर तिथूनच करायची. पाठीमागं शिट्ट्या, आरडाओरडा, आणि त्यातून तिचा आवाज. "दादा, कमरेला हाय. धान्य वर टाका." लग्न होऊन कितीतरी वर्षं झाली, नातवंडं झाली, तरी एक पावसाळा तिनं चुकवला नाही. इतक्या चिकाटीनं कुणी कुणाची काळजी केली तर त्याला आपण काय देतो? आम्ही तिला आहेर देत होतो.

माझ्या भावाच्या लग्नात तिच्या आहेराची साडी घ्यायला मी आणि आई नाशकात मेनरोडवर गेलो होतो. तिथल्या दुकानात गादीवर बसायच्या आत विचारतात, "ताई, नेसायला दाखवू का द्यायला?" बाहेरच्या माणसाला हा प्रश्न कळायचा नाही. आपल्याला तो इतका सवयीचा आहे की त्यात काही लाजण्यासारखं आहे हे ध्यानातही येत नाही. नेसायच्या साड्या आतल्या कपाटात असतात. द्यायच्या साड्या गठ्ठ्यानं बाहेर असतात, लांबून बऱ्या दिसतात, पाण्यात घातल्यावर रंग सोडतात. आई म्हणाली, "द्यायलाच." अण्णांनी निघताना बजावलं होतं की शालूची जरा वेगळी घ्या. मी आठवण केली. आई म्हणाली, "ताईंकडं काय कमी हाय? त्या नाशकात राहत्यात. आपली साडी त्या थोडीच नेसनार हायेत? ह्याच गठ्ठ्यातली एक बरी काढू." आम्ही चिंतामणी रंगाची काढली. घरी आल्यावर आईनं बोटानं पदराला हळदकुंकू लावलं. कुंकू जरा जास्तच ओलं होतं, ते खाली ओघळलं, स्वल्पविरामासारखं. मीच हसले होते त्याला.

तेव्हा मी निफाडला शाळेत भूगोल शिकवत होते. आपत्ती व्यवस्थापन हा भाग माझ्याकडं. आपत्ती दोन प्रकारच्या, नैसर्गिक आणि मानवनिर्मित. भूकंप अचानक येतो, दुष्काळ पायानं चालत येतो, पूर सांगून येतो. गारपीट आमच्या द्राक्षवाल्यांना तोंडपाठ असल्यामुळं तिच्यावर पोरंच मला शिकवायची. मग आपत्तीच्या आधी काय करायचं, आपत्तीत काय करायचं, आपत्तीनंतर काय करायचं. पूर्वतयारी, बचाव, मदत, पुनर्वसन. पिशवीत काय भरून ठेवायचं ते मी पोरांकडून पाठ करून घ्यायचे: टॉर्च, औषधं, कागदपत्रं, कोरडे कपडे, पिण्याचं पाणी. वर्षातून एकदा घंटा वाजवून रंगीत तालीम व्हायची आणि पोरं हसत हसत मैदानात पळायची. मला वाटायचं की ह्या विषयातलं मला सगळं येतं.

त्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात आत्याचा फोन आला तो दुपारी, आम्ही जेवत असताना. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता आणि शाळेला सुट्टी होती. ती रडत होती. "दादा, गळ्याशी आलंय रे. मारुतीच्या गळ्याशी. ह्या वेळंला माझं ऐक, वर टाकत बसू नको. निघ." अण्णांना दरवेळी चेष्टा करायची सवय, पण तो आवाज ऐकून ते ताटावरून उठले. आम्ही निघालो तेव्हा अंगणात घोट्याएवढं होतं, वेशीपाशी कमरेएवढं. अण्णांनी म्हैस सोडली. भावाची बायको तेव्हा माहेरी होती; त्यानं देवाचे टाक आणि जमिनीचे कागद घेतले. आपत्ती व्यवस्थापनाच्या शिक्षिकेच्या घरात कोरड्या कपड्यांची पिशवी भरलेली नव्हती. कपड्यांची ट्रंक नेहमीसारखी माळ्यावर चढवली होती, कारण माळ्यापर्यंत पाणी कधीच येत नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. आणि आईनं काय उचललं? कैरीच्या लोणच्याची बरणी. छातीशी धरून ती पाण्यातून चालत होती. "वर्साचं हाय," एवढंच म्हणाली.

पाणी माळ्यावर गेलं.

गावाबाहेर उंचावर शाळा आहे. तिथं एका वर्गात आम्हा चार घरांची सोय झाली. फळ्यावर कुणाच्या तरी सुंदर अक्षरात सुविचार लिहिलेला होता आणि खाली आम्ही सगळे ओले, चिखलानं माखलेले बसलो होतो. आईची साडी कमरेपर्यंत गाळानं लाल झाली होती. कुणाच्या तरी सुनेनं तिला आपला गाऊन दिला, गुलाबी फुलांचा. माझी आई उंबऱ्याबाहेर कधी उघड्या डोक्यानं गेलेली नाही. भाऊजी आले तर ती आतल्या दारातून बोलायची. ती त्या गाऊनमध्ये भिंतीला चिकटून बसली. खांद्यावर पंचा, डोक्यावर त्याचंच टोक, दोन्ही हात छातीशी. अन्न मिळत होतं, पाणी मिळत होतं, डॉक्टर येऊन गेले. पण अण्णा तिच्याकडं बघत नव्हते, भाऊ तिच्याकडं बघत नव्हता, आणि ती कुणाकडं बघत नव्हती. माणसाच्या अंगावर नेसूचं नसलं की काय होतं, ते माझ्या पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं आणि मी तिला माझी ओढणी देण्यापलीकडं काहीही करू शकत नव्हते.

पाणी उतरायला लागलं तशी मदत आली. पहिल्याच दिवशी आत्याच्या सोसायटीचा टेम्पो आला. तिनंच दारोदार फिरून सगळं गोळा केलं होतं आणि माहेरच्या गावालाच आणलं होतं. टेम्पो थांबायच्या आत ती उतरली, चिखलातून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. मग आईच्या कानाशी लागून म्हणाली, "वहिनी, तुम्ही रांगेत नका येऊ हं. तुमची वेगळी पिशवी केलीय मी."

आई म्हणाली, "नको ताई. सगळ्या बाया उभ्या हायेत, मीबी राहते. आमचं काय निराळं?"

ती वेगळी पिशवी आईनं बळंबळं घेतली आणि तशीच पलीकडच्या वर्गातल्या एका ओल्या बाळंतिणीला देऊन आली. मग रांगेत उभी राहिली. आयुष्यभर जिचा हात देणारीचा होता ती बाई, गाऊनमध्ये, पंचा सावरत. टेम्पोवर कापडी फलक होता. सोसायटीतले एक गृहस्थ प्रत्येकाला गाठोडं देताना थांबवायचे आणि मोबाइल समोर धरून म्हणायचे, "आजी, इकडं बघा. जरा वर बघा." वाईट माणूस नव्हता तो. पावसात भिजत उभा होता बिचारा. आईनं वर बघितलं.

वर्गात येऊन आम्ही गाठोडं सोडलं. त्यात एक शाळेचा टाय निघाला. एक चमकीचा घागरा, चेन तुटलेल्या दोन जीन्स, लहान मुलाचा पार्टीचा कोट, एकाच पायाचा मोजा. परकर नव्हता. त्या दिवशी अख्ख्या शाळेत वाटलेल्या गाठोड्यांत एकही परकर निघाला नाही. साड्या निघाल्या, पण साडी कशावर नेसायची हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आणि मग तळातून ती साडी आली. चिंतामणी. प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेली. आईनं पदराचं टोक उलगडलं. हळदीचं बोट होतं. कुंकवाचा स्वल्पविराम होता.

मी आईकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटत होतं. मला आला होता. माहेरचा आहेर पूरग्रस्तांच्या गाठोड्यात टाकणारी बाई, आणि मघाशी गळ्यात पडून रडत होती! पण आईचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला. तेवढ्यात आत्या दारात आली. आईनं झटकन साडी मांडीखाली सरकवली आणि तिच्यावर बसली.

"वहिनी, मिळालं का काही बरं? साडी आली ना?"

"आली ना. लय चांगलं आलंय, ताई."

"मग बदला ना. अशा काय गाऊनवर बसलाय? माझ्या मनाला कसंतरी होतंय बघून."

"बदलते सावकाश. आंगाला चिखल हाय अजून. नवी कशाला खराब करा."

आत्या संध्याकाळपर्यंत होती. आई संध्याकाळपर्यंत तशीच, त्या गाऊनमध्ये, साडीवर बसून राहिली. कोरडी, नवी, सहावारी साडी मांडीखाली, आणि वर ती बाई पंच्यानं डोकं झाकून. दोघींपैकी एकीला लाज वाटणं भाग होतं, आणि ती आईनं आपल्याकडं घेतली. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

फोटो सगळीकडं गेला. शाळा सुरू झाली तेव्हा योगायोग असा की आपत्ती व्यवस्थापनाचाच धडा चालू होता. मी फळ्यावर 'मदतकार्य' लिहीत होते. मागून एका मुलीनं विचारलं, अगदी मायेनं विचारलं, "मॅडम, फोटोतल्या त्या तुमच्या आई ना?" मी म्हटलं, "हो." फळ्याकडं तोंड करूनच म्हटलं. खडू तसाच टेकवून ठेवला होता, त्याचा पांढरा ठिपका बराच मोठा झाला. मग मागे वळून मदतकार्याचे मुद्दे सांगितले, पुस्तकात होते तसे.

त्या दिवाळीत भाऊबीजेला आत्या आली. आमच्या भिंतींवर पोटमाळ्याच्याही वर गाळाची रेघ होती, आणि खोलीत कितीही धूप जाळला तरी तो वास हलत नव्हता. ओवाळणं झालं. ओटी भरायची वेळ आली तेव्हा आईनं खण आणि नारळ दिला. साडी नाही. ट्रंकेत ती साडी तशीच नवीकोरी होती. दुसरी घ्यायची ऐपत त्या दिवाळीत कुणाच्याच घरात नव्हती, पण अण्णांना काही हे उमगेना. ते सगळ्यांदेखत आईला बोलले, "एक साडी मिळाली नाय तुला?" आई म्हणाली, "ऱ्हाऊन गेलं." आत्या हसली. "असू दे रे दादा. यंदा माहेरालाच पूर आलाय." चेष्टाच होती ती, पण जाताना तिनं नारळ पिशवीत ठेवला तेव्हा तिचा हात जड झालेला मला दिसला. तिला वाटलं, वहिनीनं हात आखडला. आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा छत्री घेऊन ती मारुतीपाशी उभी राहिली.

पुढं काही वर्षांनी आत्या गेली. सवाष्ण गेली. आपल्याकडं बाई गेली की शेवटची साडी माहेरची लागते, तिच्यावाचून तिला उचलत नाहीत. निरोप आला तसे अण्णा म्हणाले, नाशकात शिरल्यावर मेनरोडला गाडी थांबवू आणि साडी घेऊ. आई एकदम म्हणाली, "दुकानात नको." ती आत गेली आणि पैठणी घेऊन आली. माझ्या लग्नात आम्ही तिला घेऊन दिलेली, तिनं एकदाच अंगाला लावलेली, येवल्याची पैठणी. आत्याच्या घरी बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक जण म्हणालीसुद्धा, "अहो, आता कशाला एवढी? जळायचीच ना?" आईनं घडी मोडली. आत्याच्या अंगावर ती स्वतःच्या हातानं नेसवली, निऱ्या घातल्या, पदर नीट काढला. माझ्या मनात तेव्हासुद्धा पैठणीची हळहळ येऊन गेली, हेही लिहायला हवं.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आई ट्रंकेतली चिंतामणी नेसायला लागली.

हे सगळं आज कपाटासमोर उभं राहून आठवत होतं. खाली कोपऱ्यात वॉचमनच्या खोलीपाशी पिशव्या साठायला लागल्या होत्या, खिडकीतून दिसत होत्या. मी बाहेर येऊन आईसमोर बसले आणि लसणाची एक पाकळी उचलली. "आई, आत्याला तू कधीच काही बोलली नाहीस. तिनं आपला आहेर वाटून टाकला, तरी तूच लपवत बसलीस. एवढं मोठं मन कुठून आणलंस?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे हे मी विसरले.

"मन बिन काय नाय गं. त्या दुकानातल्यानं इचारलं होतं ना, नेसायला का द्यायला? तू होतीस की बरोबर. मी काय म्हणले?"

मी हातातली पाकळी सोलायला लागले.

"द्यायला म्हणले. ताईंनी दिली. त्यांची काय चूक? पावसात उभं ऱ्हाऊन ज्या बाईनं आपले जीव वाचवले, तिला मी गठ्ठ्यातली साडी काढली. ती साडी फिरून माझ्याच पदरात आली. आता कुठल्या तोंडानं बोलू?" तिनं साडीच्या काठावरचं रफू अंगठ्यानं सारखं केलं. "लय रंग सोडती मेली. पयल्या पान्यातच कळलं मला, काय दिलं होतं ते."

इतकी वर्षं मी तो प्रसंग आईच्या मोठेपणाचा म्हणून सांगत आले होते. वर्गात, स्टाफरूममध्ये, नवऱ्याला. आणि ती रोज त्या विटलेल्या साडीत माझ्यासमोर बसत होती. मला एकदम तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. पण मांडीवर लसणाचं ताट होतं.

दुपारी पाऊस जरा उघडला तेव्हा मी निघाले. खालचा कप्पा तसाच बंद केला. वाटेत रामकुंडावर गर्दी होती, मोबाइल उंच धरलेले, कणसांचा धूर. मी गर्दीत शिरून मारुती बघितला आणि सायखेड्याला, शाळेत मुक्कामाला असलेल्या भावाला फोन केला. "छातीच्या खाली आलंय. उतरतंय. पण घरी जायची घाई करू नका." आता हे काम माझ्याकडं आहे. मागं शिट्ट्या वाजत होत्या आणि भावाला माझा आवाज नीट ऐकू येत नव्हता.

मग मेनरोडवर गेले. दुकान तेच, गादीवर आता मुलगा बसतो. मी म्हटलं, परकर दाखवा, सुती, नाडीसकट, सगळ्या मापांचे. आणि रोजच्या वापरातल्या साड्या. एवढे परकर कशाला, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उमटला, पण त्यानं तो विचारला नाही. बापानं शिकवलेला प्रश्न विचारला.

"नेसायला दाखवू ताई, का द्यायला?"

तोंडावर 'द्यायला' आलंच होतं. ते गिळलं आणि चपला काढून गादीवर बसले.

"नेसायला," मी म्हटलं.